लॅपटॉप संगणकाचा टिकाऊपणा

लॅपटॉप संगणकाचा टिकाऊपणा म्हणजे उष्णता, दमट हवा, धूळ, धक्के, सांडलेले पाणी आणि लहरी वीजपुरवठा सोसूनही अपेक्षित वर्षे चालत राहण्याची त्या यंत्राची क्षमता होय. यात दोन वेगळ्या गुणांचा समावेश होतो : रोजच्या वापरात यंत्र किती कमी वेळा बिघडते ही त्याची विश्वसनीयता, तर एखादा असाधारण आघात ते किती पचवते हा त्याचा कणखरपणा. जाहिरातींत दुसऱ्याच गुणाचा गाजावाजा होत असला, तरी प्रत्यक्षात बहुतेक लॅपटॉप पहिल्या गुणाच्या अभावी निकामी होतात. वाढीव हमी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या अमेरिकी कंपनीने २००९ मध्ये सुमारे ३०,००० लॅपटॉपांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तीन वर्षांत ३१ टक्के यंत्रे बिघडत असल्याचे अनुमान निघाले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश बिघाड यंत्रातील दोषांमुळे झाले होते आणि पडणे, पाणी सांडणे यांसारख्या अपघातांचा वाटा उरलेल्या एक-तृतीयांशाचा होता.

कणखर लॅपटॉपाची कल्पना लॅपटॉपाइतकीच जुनी आहे. बिल मॉग्रिज या ब्रिटिश अभिकल्पकाने घडवलेला ‘ग्रिड कंपास’ १९८२ मध्ये बाजारात आला, तेव्हा कळफलकावर मिटणारा पडदा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच आणि एकही हलता भाग नसलेली चुंबकीय बबल स्मृती ही त्याची वैशिष्ट्ये होती. सुमारे ८,१५० डॉलर किमतीचे हे यंत्र सामान्य ग्राहकाच्या आवाक्यापलीकडचे असल्याने ते अमेरिकी सैन्यदलांत आणि नासाच्या अंतराळयानांवर वापरले गेले. त्यानंतर लॅपटॉप स्वस्त झाले तसे कवच प्लॅस्टिकचे झाले आणि आत फिरती हार्डडिस्क आली. पॅनासॉनिकने १९९६ मध्ये ‘टफबुक’ मालिका सुरू करून मॅग्नेशियमचे कवच पुन्हा आणले व ते पोलिसांची वाहने, बांधकामाची ठिकाणे आणि खाणी यांसाठी विकले. आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅडमध्ये त्वरणमापक चिप बसवली. यंत्र हातातून निसटल्याचे ओळखून ते जमिनीवर आदळण्याआधीच हार्डडिस्कची वाचनशीर्षे ती सुरक्षित जागी नेऊन ठेवत असे. फिरत्या तबकडीऐवजी हलते भाग नसलेली एसएसडी रूढ झाल्यावर या युक्तीची गरज उरली नाही. गेल्या वीस वर्षांत लॅपटॉपाच्या टिकाऊपणात एवढी मोठी सुधारणा दुसऱ्या कोणत्याही एका बदलाने घडवलेली नाही.

कणखरपणाचा दावा करताना सर्वाधिक वेळा ज्याचा आधार घेतला जातो तो अमेरिकी संरक्षण खात्याचा मिल-एसटीडी-८१० हा मानक दस्तऐवज १९६२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याची ‘एच’ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्यात उच्च व नीच तापमान, कमी वायुदाब, पाऊस, आर्द्रता, बुरशी, खारे धुके, वाळू-धूळ, कंपन, धक्का अशा अनेक चाचण्यांच्या पद्धती दिलेल्या आहेत. उदाहरणार्थ, पाडण्याच्या चाचणीत यंत्र सुमारे १२२ सेंमी. उंचीवरून सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे अशा एकूण २६ प्रकारे पाडले जाते. मात्र ते काँक्रीटवर अंथरलेल्या प्लायवुडवर पडते आणि हे २६ आघात एकाच यंत्राने सोसण्याची सक्ती नसून ते पाच नमुन्यांत वाटून घेता येतात. शिवाय कोणत्या चाचण्या आणि किती तीव्रतेने घ्यायच्या हे उपयोगानुसार ठरवण्याची मुभा हा दस्तऐवजच देतो, आणि उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देणारी कोणतीही सरकारी संस्था नाही. त्यामुळे चाचणीचा क्रमांक, उंची, तापमान आणि नमुन्यांची संख्या जाहीर न करता केलेल्या ‘लष्करी दर्जा’च्या दाव्याला अर्थ नाही. या बाबतीत आयपी संकेतांक अधिक नेमका ठरतो. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकानुसार त्याचा पहिला अंक धुळीपासूनचे आणि दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो. आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्णपणे रोखणारे आणि सर्व दिशांनी येणारे पाण्याचे फवारे सोसणारे आवरण. सर्वसामान्य लॅपटॉपांना असा संकेतांक सहसा नसतोच, कारण त्यांचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो.

कोणत्याही चाचणीत सहज न दिसणारा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तापणे आणि निवणे यांचे चक्र. चिपचे सिलिकॉन तापमानाच्या प्रत्येक अंशामागे दहा लाखांत सुमारे ३ भाग प्रसरण पावते, तर तिला धरून ठेवणारी मदरबोर्डची पाटी सुमारे १५ भाग. या दोहोंमधला ताण सोल्डरच्या, म्हणजे डाखाच्या, बारीक गोळ्यांवर येतो आणि हजारो चक्रांनंतर त्यांत भेगा पडतात. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आणल्यावर १८३ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या शिसे-कथिलाच्या डाखाऐवजी सुमारे २१७ अंशांना वितळणारा, कथिल-चांदी-तांब्याचा अधिक ताठर डाख वापरात आला, आणि संपूर्ण उद्योगाला जोडणीचे तंत्र नव्याने शिकावे लागले. याच काळात चिपच्या जडणघडणीतील एक मोठा दोष उघड झाला : जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपांतील काही ग्राफिक्स चिपांच्या सदोष जोडणीसाठी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. असे बंद पडलेले मदरबोर्ड पुढे कित्येक वर्षे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत दुरुस्तीला येत राहिले. तेथे चिप तापवून किंवा तिच्याखालचे गोळे बदलून, म्हणजे रीबॉलिंग करून, पडदा पुन्हा उजळत असे. पण मूळ दोष चिपचे सिलिकॉन आणि तिचे आसन यांच्यामधल्या सूक्ष्म जोडांत असल्याने ही दुरुस्ती काही आठवडे किंवा काही महिनेच टिकत असे. दोष नसलेल्या यंत्रातही धुळीचा थर पंख्यापुढच्या धातूच्या पातळ पात्यांवर साचला की हवा अडते, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवून तापमान आवरतो, आणि यंत्र ‘जुने झाले’ असा ग्राहकाचा समज होतो. वास्तविक पाती साफ करून थर्मल पेस्ट बदलली, तर असे यंत्र बहुधा पूर्ववत चालते. उत्पादक साधारणपणे ३५ अंशांपर्यंतच्या खोलीची अपेक्षा धरतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा वातानुकूलन नसलेल्या खोलीतला लॅपटॉप त्याच्या विहित मर्यादेबाहेर चालत असतो.

कोकण आणि गोव्यात बिघाडाचे स्वरूप वेगळे असते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील क्षारकण पंख्यावाटे मदरबोर्डवर बसतात. कोरड्या हवेत ते निरुपद्रवी असतात. परंतु २५ अंश तापमानाला सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळू लागते, आणि समुद्री क्षारातील मॅग्नेशियम क्लोराइडला तर सुमारे ३३ टक्के आर्द्रताही पुरते. अशा रीतीने विद्युत्‌वाहक द्रवाची अदृश्य पापुद्री तयार झाली आणि शेजारच्या दोन बिंदूंत काही व्होल्टचा फरक असला की धातूचे अणू एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकतात. भिंगातून पाहिल्यास हे धातूचे तंतू नेच्याच्या पानासारखे फुटलेले दिसतात, आणि ते पलीकडे टेकताच शॉर्टसर्किट होते. पावसाळाभर कपाटात बंद ठेवलेला लॅपटॉप गणपतीत सुरू होत नाही तो बहुधा या किंवा याच जातीच्या क्षरणामुळे. रोज थोडा वेळ चालणारे यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते, म्हणून दमट प्रदेशात न वापरणे हेही एक प्रकारे नुकसानकारकच ठरते. कारखाने, सांडपाण्याचे नाले आणि कचऱ्याचे ढीग यांच्या आसपास हवेतील गंधकयुक्त वायूंची यात भर पडते. ते चांदी आणि तांब्यावर काळा सल्फाइडचा थर चढवतात आणि तो थर सरकत जाऊन जोडण्या बिघडवतो. यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे मदरबोर्डवर अ‍ॅक्रिलिक, सिलिकोन किंवा पॅरिलीनचा पातळ संरक्षक लेप देणे हा होय. कणखर वर्गातील काही यंत्रांत तो असतो, सामान्य यंत्रांत खर्चापायी वगळला जातो.

यांत्रिक बिघाडांत बिजागरी, कळफलक आणि चार्जिंगचे तोंड ही ठिकाणे आघाडीवर आहेत. पोलादी बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकच्या नळकांड्यांत ठोकलेल्या पितळी चकत्यांत फिरवलेले असतात. बिजागरीतले वंगण सुकून ती घट्ट होते, वापरणारा पडदा एका कोपऱ्याला धरून उघडतो, आणि सारा पीळ त्या प्लॅस्टिकवर येऊन चकती तुकड्यासकट उखडते. बिजागरीचा स्क्रू दर वर्षा-दोन वर्षांनी किंचित सैल करून घेणे एवढ्या साध्या निगेने हे टळू शकते. कळफलकाच्या बाबतीत अतिरेकी पातळपणाचे परिणाम अ‍ॅपलच्या ‘बटरफ्लाय’ रचनेत दिसले. २०१५ मध्ये आलेल्या या रचनेत कळ इतकी कमी दबत असे की धुळीचा एखादा कणही ती अडवू शके. कंपनीने जून २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली, नोव्हेंबर २०१९ पासून जुनी कात्रीवजा रचना पुन्हा स्वीकारली आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील सामूहिक दाव्यात ५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले.

लिथियम-आयन बॅटरी उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन्ही गोष्टी एकदम आल्या की लवकर झिजते. सतत प्लगला जोडलेल्या लॅपटॉपात नेमके हेच घडते. म्हणून अनेक उत्पादक ८० टक्क्यांवर चार्ज थांबवण्याची सोय देतात. झिजलेल्या बॅटरीत वायू साचून ती फुगते, आणि टचपॅड वर उचलला जाणे किंवा कळफलक मधोमध उंचावणे ही त्याची पहिली खूण असते. असे दिसताच वापर थांबवावा. बॅटरीतील दोष घातकही ठरू शकतात. सोनीने बनवलेल्या सेलमधील धातूच्या सूक्ष्म कणांमुळे ऑगस्ट २००६ मध्ये डेलने ४१ लाख आणि अ‍ॅपलने १८ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. वीजपुरवठ्याच्या संदर्भात भारतात अर्थिंगचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. तीन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरला दोन पिनांचा जोड लावला की अर्थिंग तुटते, अ‍ॅडॉप्टरमधील संधारित्रांतून येणारा अल्प प्रवाह धातूच्या कवचावर येतो आणि मनगटाला झिणझिण्या जाणवतात.

उंच व थंड प्रदेशांत प्रश्न पुन्हा बदलतात. हार्डडिस्कचे वाचनशीर्ष हवेच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरावर तरंगते आणि हवा विरळ झाली की ते तबकडीवर टेकण्याचा धोका असतो. त्यामुळे सामान्य डिस्क सुमारे ३,००० मी. उंचीपर्यंतच वापरण्यायोग्य मानल्या जात, आणि लेह शहरच सुमारे ३,५०० मी. उंचीवर आहे. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज केल्यास ऋणाग्रावर लिथियमचा धातू साचून तिची कायमची हानी होते. म्हणून हिमप्रदेशासाठीच्या यंत्रांत बॅटरी आधी गरम करण्याची व्यवस्था असते. अंतराळ स्थानकात गरम हवा वर जातच नाही, त्यामुळे तेथील लॅपटॉप केवळ पंख्याच्या भरवशावर थंड राहतात.

दुर्गम भागासाठी मुळापासून विचार करून घडवलेले यंत्र म्हणून २००७ मधील ‘एक्सओ-१’ याचा उल्लेख आवश्यक आहे. निकोलस निग्रोपाँटी यांच्या ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या उपक्रमातील हे यंत्र भारतात प्रायोगिक स्वरूपात रायगड जिल्ह्यातील धनगरवाड्यावरच्या एका प्राथमिक शाळेत वापरले गेले. त्यात पंखा आणि हार्डडिस्क नव्हती, कळफलक अखंड रबराचा होता, पडदा उन्हात वाचता येत असे, आणि उचलण्याच्या मुठीच्या आत सुटे स्क्रू ठेवलेले होते, म्हणजे गावातच यंत्र उघडून दुरुस्त करता यावे. मुलांच्या हाती रबर फाटणे आणि टचपॅड बिघडणे हे दोष त्यात आढळले. तरीही दुरुस्ती वापरणाऱ्याच्या हाती ठेवण्याचा त्यामागचा विचार आजच्या महागड्या यंत्रांतही क्वचितच आढळतो.

लॅपटॉपावर चहा किंवा पाणी सांडल्यास तो तत्काळ बंद करून चार्जर काढावा आणि पुन्हा सुरू करून पाहू नये. बॅटरी आत बसवलेली असल्याने बंद यंत्राच्याही काही भागांत वीज खेळत असते आणि ओलाव्यातले क्षरण चालूच राहते. म्हणून बॅटरी सोडवून मदरबोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घेणे हाच उपाय आहे. तांदळात ठेवल्याने साखर आणि क्षार निघत नाहीत. अलीकडे बॅटरी चिकटवलेली, तर रॅम आणि क्वचित एसएसडीही पाटीवर डाखलेली असल्याने एका घटकासाठी सबंध मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि टिकाऊपणाचा प्रश्न दुरुस्तीच्या हक्काशी जोडला गेला आहे. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपावर दहापैकी दुरुस्तीगुण छापणे बंधनकारक केले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता येणे आवश्यक आहे.