देवळालीचा ताप

नाशिकजवळचं देवळाली आपण हवापालटाचं गाव म्हणून ओळखतो. इंग्रजी शब्दकोशात मात्र ते वेगळ्याच अर्थानं जाऊन बसलं आहे. एखाद्याचं डोकं फिरलं की जुना इंग्रज म्हणे, 'हा डूलाली झाला!'

देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथं पडून राहत. जहाजं ठरावीक हंगामातच सुटत, त्यामुळे काहींचे महिनेच्या महिने रिकामपणात जात. ऊन, दारू, आजारपण आणि घरची ओढ यांनी माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. मूळ शब्दप्रयोग 'डूलाली टॅप' असा होता. यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि गाव तेवढं उरलं.

हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा एक जाडजूड कोश हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी रचला. बर्नेल १८८२ साली वारले, कोश १८८६ साली प्रसिद्ध झाला. आपला बोंबील त्यात 'बमेलो' होऊन भेटतो. मुंबईकडच्या नारळाच्या वाडीला 'ओर्ट' म्हटलं आहे, तो पोर्तुगीज 'होर्ता'चा अपभ्रंश. आज लंडनच्या माणसालाही हे शब्द कळणार नाहीत.

या कोशाचं नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. वाटतं, हे कुणी दोन साहेब असावेत. पण असे साहेब कधी नव्हतेच. मोहरमच्या मिरवणुकीत उठणारी 'या हसन, या हुसेन' ही हाक गोऱ्या शिपायांच्या कानांना अशी ऐकू आली! १६७३ मध्ये इकडे आलेल्या डॉक्टर फ्रायरनं तिचंच 'होसीन गोसीन' केलं होतं. पुढे कुठल्याही देशी जल्लोषाला गोरे शिपाई 'हॉब्सन-जॉब्सन' म्हणू लागले.

ही हाक मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात इमाम हुसेन तहानेनं व्याकूळ असताना मारले गेले. त्यांच्यासाठी केलेला तो विलाप आहे. कोशाच्या नावाचा उलगडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं, आणि मग त्या हसण्याची लाज वाटली. शोकाचा जल्लोष व्हायला फक्त एक परका कान पुरला होता.

अर्थात आपले कानही काही वेगळे नाहीत. पहाऱ्यावरचा गोरा 'हू कम्स देअर' असं दरडावी. आपल्या शिपायांनी त्याचं 'हुकुमदार' करून टाकलं. न कळलेल्या आवाजात माणूस आपल्या ओळखीचा शब्द शोधतो. त्यांना हॉब्सन सापडला, आपल्याला हुकूम सापडला. ज्याला जे रोज भेटत होतं, तेच त्याला ऐकू आलं.

आपली अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या बेटावर वसली, त्या साष्टीचंही असंच झालं. सहासष्ट गावांची म्हणून ती साष्टी. पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या तोंडी तिचं सालसेट झालं आणि त्यातली गावांची मोजदाद हरवली.

म्हणून शब्दाचं मूळ शोधणं हा मला विद्वानांचा निव्वळ छंद वाटत नाही. यूलसाहेबांनी 'हॉब्सन-जॉब्सन'पाशी ती मूळ हाक नोंदवून ठेवली, हे त्यांचे उपकारच. विनोद तिथं आहेच, पण पान उघडलं की त्याच्या शेजारी विलापही ऐकू येतो.