जलपायगुडीचे पंचांग

ज्याला अक्षरओळख नाही त्याला आपण सहजपणे ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हिणवतो. जुन्या खतांवर आणि कर्जरोख्यांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ एवढीच ओळ त्याच्या वाट्याला येत असे. परंतु अज्ञानाची खूण मानल्या गेलेल्या या निशाणीतूनच गुन्हाशोधनाचे एक शास्त्र उदयास आले, आणि त्याची जडणघडण बव्हंशी बंगालमध्ये झाली.

१८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारपत्रावर घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, एवढाच हेतू होता. १८८० साली टोकियोतील स्कॉटिश मिशनरी डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले, की गुन्ह्याच्या जागी उमटलेल्या ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल.

मात्र हजारो ठशांच्या ढिगातून नेमका एक शोधावा कसा? हे कोडे बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालील अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी सोडवले. आपल्याकडे बोटांवरील शंख-चक्रे भविष्य सांगण्यासाठी पाहतात. हकांनी त्यांना गणितात बसवले. दहा बोटांच्या पाच जोड्या करून, चक्र कोणत्या बोटावर आहे त्यानुसार अंक दिले, आणि सर्व ठसे १,०२४ खणांत विभागले. १८९७ साली कलकत्त्यात ठसे विभाग स्थापन झाला. १९०१ साली हीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने स्वीकारली. जगात ती ‘हेन्री पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. हकांच्या कामगिरीची लेखी कबुली हेन्रींनी उत्तरायुष्यात दिली खरी, पण पद्धतीचे नाव बदलले नाही.

या शास्त्राची पहिली मोठी कसोटी जलपायगुडी जिल्ह्यातील एका चहाच्या मळ्यात लागली. व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला होता आणि पैसे चोरीस गेले होते. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग सापडले. त्यावर रक्ताचे पुसट डाग होते, आणि त्यांतील एक अंगठ्याचा होता. कलकत्त्याच्या संग्रहातील एका ठशाशी तो जुळला. तो त्याच व्यवस्थापकाच्या जुन्या नोकराचा होता. पूर्वी चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यामुळे त्याचा ठसा संग्रहात होता.

१८९८ साली खटला उभा राहिला. न्यायालयाने आरोपीला चोरीसाठी दोषी ठरवले. खुनाच्या आरोपातून मात्र मुक्त केले. ठशाने एवढेच सिद्ध झाले होते, की रक्ताने माखलेला तो हात पंचांगाला लागला. सुरी त्याच हाताने चालवली काय, हे कोणी पाहिले नव्हते. अनेकांना हा निकाल भित्रेपणाचा वाटेल. मला त्यात विवेक दिसतो.

कारण पुढील काळात यंत्रे अधिक तल्लख झाली, तरी माणसाची घाई कमी झाली नाही. २००४ साली माद्रिदमधील आगगाड्यांत बाँबस्फोट झाले, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका पिशवीवरील ठसा ओरेगन राज्यातील एका वकिलाचा असल्याचे छातीठोकपणे सांगितले. तो निरपराध मनुष्य सुमारे दोन आठवडे कोठडीत राहिला. ठसा दुसऱ्याच इसमाचा असल्याचे स्पॅनिश पोलिसांनी दाखवून दिले.

ठसा खोटे बोलत नाही. पण तो बोलतो फार थोडे. उरलेले वाक्य आपण पूर्ण करतो. ते पूर्ण करताना जलपायगुडीच्या न्यायासनाने जो संयम पाळला, तो कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही.