कोळसा गेला, हिशेब राहिला

मंडळी, दोन वर्षांपूर्वी धाकट्या लेकीला इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात सोडायला गेलो होतो. न्यू जर्सीहून चार तासांचा ड्राइव्ह, डिकीत गाद्या-उशा आणि हिने केलेले बेसनाचे लाडू. खोली लावून झाली तशी लेक अभिमानाने म्हणाली, "बाबा, आमची युनिव्हर्सिटी २०३५ पर्यंत कार्बन न्यूट्रल होणार आहे!" मी पडलो अकाउंटंट. पटकन बोलून गेलो, "अगं, पण हिशेब कोण लिहितंय?" ती हसली. पण प्रश्न डोक्यात राहिला, आणि घरी आल्यावर मी या वचनाचा इतिहास वाचायला बसलो.

सुरुवात विद्यार्थ्यांनी केली. मार्च २००१ मध्ये अमेरिकेने क्योटो करारातून अंग काढून घेतलं. एप्रिलमध्ये इथल्या मुलांनी डे हॉल या प्रशासनाच्या इमारतीत ठिय्या दिला. सरकार पाळत नसेल तर आपण पाळू, असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठाने ते मान्य केलं: १९९० च्या पातळीपेक्षा ७ टक्के कमी.

त्याआधी, २००० साली, एक शहाणपणाचं काम झालं होतं. टेकडीवर कॅम्पस, खाली कयूगा सरोवर. त्यातलं सुमारे २५० फूट खोलीवरचं पाणी भर उन्हाळ्यातही ४ अंशांच्या आसपास असतं. ते काठावरच्या केंद्रात आणून त्याचा गारवा कॅम्पसमधून फिरणाऱ्या पाण्याला देतात. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. सरोवराचं पाणी परत सरोवरात जातं. आमच्या गावी ताकाची कळशी विहिरीत सोडायचे, तसंच म्हणा ना! इमारती गार करायला लागणारी वीज त्यामुळे ८० टक्क्यांहून अधिक वाचली.

पण इथाकात खरा खर्च गारव्याचा नाही, उबेचा. तिथली थंडी तुम्हाला सांगायला नको. ही ऊब कोळशाच्या वाफेवर मिळत असे. २००९ साली विद्यापीठाने २०५० पर्यंत कार्बन न्यूट्रल होण्याची योजना मांडली; पुढे ते वर्ष २०३५ वर आणलं. वीज आणि वाफ एकत्र करणारं नैसर्गिक वायूचं केंद्र उभं राहिलं आणि २०११ मध्ये कोळसा बंद झाला. चिमणीतून जाणारा कार्बन डायऑक्साइड घटला. सगळीकडून टाळ्या!

आणि गंमत बघा. त्याच २०११ साली कॉर्नेलच्याच रॉबर्ट हॉवर्थ आणि अँथनी इंग्राफिया या प्राध्यापकांनी एका सहकाऱ्यासह शोधनिबंध लिहिला. विहिरींतून आणि पाइपांतून मिथेन गळतो. वीस वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरतो. ही गळती धरली तर शेल गॅस कोळशापेक्षाही वाईट ठरू शकतो, असं त्यांचं म्हणणं. कॉर्नेलच्याच लॉरेन्स कॅथल्स यांनी ते गणित चुकीचं ठरवलं. वाद खूप रंगला.

मला कौतुक वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. गळती होते पेनसिल्व्हेनियासारख्या ठिकाणी, कॅम्पसच्या कुंपणाबाहेर. ती आमची नाही, असं म्हणून वही मिटता आली असती. पण २०१६ साली विद्यापीठाच्या समितीने आपल्या अहवालात त्या गळतीचाही अंदाज मांडला. आकडा अर्थातच फुगला. मग गॅसला पर्याय शोधणं आलं. २०२२ मध्ये कॅम्पसवर जवळजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवर इमारती तापवता येतील का ते पाहायला. २०३५ पर्यंत जमेल? थांबून पाहू. पण निदान वहीत खर्चाची बाजू लिहिली आहे.

गेल्या थँक्सगिव्हिंगला लेक घरी आली. मी मोठ्या ऐटीत तिला दाखवलं: हायब्रिड गाडी घेतल्यापासून पेट्रोल किती वाचलं. तिने कागद नीट पाहिला आणि विचारलं, "बाबा, आपली दरवर्षीची मुंबईची फ्लाइट कुठल्या कॉलममध्ये आहे?"

कॉलमच नव्हता. आजीला भेटायला जायचं थांबणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो ना, ती नुसती जमेची नसते. यंदाच्या वहीत मी तो कॉलम आखला आहे. शुभ दीपावली!