पळसगावचे नाईक यशवंत घाडगे



कोकणातला माणूस पोटासाठी एक तर मुंबईला गिरणीत आला, नाही तर पलटणीत गेला. आम्ही गिरणीत आलो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे पलटणीत गेले.

दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मारा केला. तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. यशवंत एकटेच धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना हातातल्या बंदुकीनेच ठेचले. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत-पाठीत लागल्या. वय अवघे २२.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण कबरीचा पत्ता नाही. इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर फक्त नाव आहे.

आणि गावी पत्नी लक्ष्मीबाई राहिल्या. नवऱ्याचे शेवटचे तोंड पाहणे नशिबी नाही. यशवंतांच्या त्या काही मिनिटांचा हिशेब सरकारी कागदात बारकाईने लिहिला आहे. त्या माउलीच्या पुढच्या वर्षांचा हिशेब कोणी लिहिला?

आपल्याही घरातली माणसे पलटणीत होती. पेटीतले जुने कागद, बिल्ले जपा. घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारा आणि त्या सांगतील ते लिहून ठेवा. मागे राहिलेल्यांचे सोसणे हाही इतिहासच आहे.

शहीद यशवंत घाडगे व लक्ष्मीबाई यांना आमचे विनम्र अभिवादन!