रिमफायर रूपांतर संच
रिमफायर रूपांतर संच ही सेंटरफायर पिस्तुलातून .२२ लाँग रायफल काडतूस झाडता यावे यासाठीची जोडसामग्री होय. या काडतुसात ज्वालक मिश्रण बुडाच्या कडेत असते. नळी, स्लाइड व मॅगझीन बदलतात. मूठ व चाप तेच राहतात. त्यामुळे नेम व चापाचा सराव स्वस्तात होतो; मूळ पिस्तुलाचा धक्का मात्र अंगवळणी पडत नाही. संच नेमक्या त्याच मॉडेलचा असावा लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भागही येतात, म्हणून संच खरेदीपूर्वी परवान्याचा विचार अपरिहार्य ठरतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्यात सुवर्णपदक मिळवले, तो २५ मीटर पिस्तूल प्रकार मुळातच .२२ रिमफायर पिस्तुलाचा आहे. तेथे संचाची गरजच उरत नाही.