मधुमेहजन्य मूत्रपिंडविकार

दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे मूत्रपिंडातील गाळणीची हळूहळू होणारी हानी. पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ मध्ये मधुमेही रुग्णांच्या केशिकागुच्छांतील गाठींचे वर्णन केले. त्या गाठी आजही या दोघांच्या नावाने ओळखल्या जातात.

रक्तात साखर वाढली की शरीरातील बहुतेक पेशी ती आत घेण्याचे प्रमाण आवरतात. केशिकागुच्छाला आधार देणाऱ्या मेसँजियल पेशींना आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींना हे नीटसे साधत नाही. ग्लुकोज आत घ्यायला त्यांना इन्शुलिनचीही गरज नसते, त्यामुळे रक्तात जेवढी साखर, जवळपास तेवढी पेशीत. ही जादा साखर जाळताना तंतुकणिकांमध्ये सुपरऑक्साइड साचते, ग्लुकोजच्या विघटनाचा नेहमीचा मार्ग तुंबतो आणि अर्धवट तुटलेले रेणू आडवाटांना लागतात. ही मांडणी मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये केली. आडवाटांपैकी एकीवर प्रोटीन कायनेज-सी चेतते, तर दुसरीवर प्रथिनांना साखर चिकटून ती कडक होतात. पुढे टीजीएफ-बीटा या संदेशक प्रथिनाच्या प्रभावाखाली मेसँजियल पेशी भरमसाट आधारद्रव्य तयार करतात, आधारपटल जाड होते आणि गुच्छातली गाळायची जागा आक्रसते.

सर्वांत महागात पडते ती पोडोसाइट पेशींची हानी. गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पाय रोवून बसलेल्या या पेशींचे सहसा विभाजन होत नाही. गळून गेलेल्या पेशीची जागा बहुधा रिकामीच राहते आणि तिथून अल्ब्युमिन लघवीत उतरू लागते.

नलिकेतही बिघाड होतो. निरोगी माणसात दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते. त्याचा सुमारे ९० टक्के भाग एसजीएलटी-२ हे वाहक प्रथिन सोडियमसह परत शोषते. मधुमेहात हे शोषण वाढते आणि पुढच्या भागात मीठ कमी पोहोचते. तेथील संवेदक पेशी याचा अर्थ ‘गाळण कमी पडते आहे’ असा घेतात. मग गुच्छात येणारी रक्तवाहिनी रुंदावते आणि आतला दाब चढतो. त्यामुळे सुरुवातीला गाळणदर उलट वाढलेला दिसू शकतो. क्रिएटिनीनच्या अहवालावर विसंबणारे फसतात ते इथेच. लघवीतील अल्ब्युमिन दर ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर जाणे ही त्याहून आधीची खूण होय. पायांवरची सूज बरीच उशिरा येते.

रक्तशर्करा व रक्तदाब आटोक्यात ठेवणे हा उपचाराचा पाया. गुच्छातला दाब उतरवणाऱ्या कॅप्टोप्रिलचा उपयोग पहिल्या प्रकारच्या मधुमेहात १९९३ मध्ये दिसून आला. एसजीएलटी-२ रोधकांचे मूळ फ्लोरिझिन या द्रव्यात आहे. ते १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून काढले गेले. त्याच कुळातील कॅनाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका घटतो, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले.

झालेली हानी भरून येते का? पाओला फिओरेट्टो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्वादुपिंड-रोपण झालेल्या ८ रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. रोपणानंतर साखर पूर्ववत होऊनही ५ वर्षांनी गुच्छांची स्थिती सुधारलेली नव्हती. १० वर्षांनी मात्र बहुतेकांची जाड झालेली पटले पुन्हा पातळ झाली होती.