हॅस्केलमधला 'अनबॉक्स्ड अ‍ॅरे' म्हणजे काय? तो वेगवान का असतो आणि धोका कुठे असतो?

फेसबुकवरचा स्पॅम रोखणाऱ्या 'सिग्मा' यंत्रणेचे नियम हॅस्केल या भाषेत लिहिले जातात आणि ती सेकंदाला 10 लाखांहून जास्त विनंत्या हाताळते, असं कंपनीने 2015 मध्ये सांगितलं होतं. हॅस्केल ही 'फंक्शनल' भाषा आहे. एकदा ठरलेली व्हॅल्यू पुन्हा बदलायची नाही, हा तिचा मूळ नियम. त्यामुळे अनेक चुका टळतात. पण लाखो आकड्यांवर काम करताना हाच नियम महागात पडू शकतो.

अडचण काय आहे?

64 बिट कॉम्प्युटरवर एक पूर्णांक 8 बाइटमध्ये मावतो. हॅस्केलच्या साध्या लिस्टमध्ये मात्र त्यासाठी साधारण 40 बाइट लागतात. त्यातले 24 लिस्टच्या कडीचे आणि 16 आकडा ठेवलेल्या 'बॉक्स'चे. म्हणजे 10 लाख आकड्यांसाठी 80 लाखांऐवजी 4 कोटी बाइट!

अनबॉक्स्ड अ‍ॅरे काय करतो?

किराणा दुकानाची फळी डोळ्यांसमोर आणा. फळीवर मालाऐवजी 'माल गोदामात अमुक ठिकाणी आहे' अशा चिठ्ठ्या असतील, तर प्रत्येक वस्तूसाठी एक फेरी मारावी लागेल. बॉक्स्ड अ‍ॅरे असाच असतो. अनबॉक्स्ड अ‍ॅरेमध्ये माल थेट फळीवर, ओळीने लावलेला असतो. बहुतेक प्रोसेसर मेमरीतून एका वेळी 64 बाइट उचलतात. त्यामुळे एका फेरीत असे 8 आकडे हाती येतात.

याची किंमतही आहे. हॅस्केल 'लागेल तेव्हाच हिशेब करू' या पद्धतीने चालते. अनबॉक्स्ड अ‍ॅरेमध्ये अर्धवट हिशेब ठेवता येत नाही, उत्तर लगेच काढावं लागतं.

मग नियम मोडतो का?

नाही. जॉन लाँचबरी आणि सायमन पेटन जोन्स यांनी 1994 मध्ये 'एसटी' ही पद्धत मांडली. तिच्यात अ‍ॅरे जागच्या जागी बदलता येतो, पण हे बदल बंद दाराआड होतात. काम संपलं की अ‍ॅरे 'फ्रीज' करून बाहेर दिला जातो. आत काही बदललं होतं, याचा बाकीच्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. दार बंद आहे की नाही, हे कंपायलर तपासतो.

धोका कुठे?

नेहमीच्या फ्रीजमध्ये अ‍ॅरेची कॉपी काढली जाते. 'अनसेफ फ्रीज' कॉपी न काढता तोच अ‍ॅरे देतं, म्हणून ते झटपट होतं. पण त्यानंतर चुकून जुना अ‍ॅरे बदलला, तर 'कधीच न बदलणारी' व्हॅल्यूही बदलते आणि कंपायलर गप्प राहतो. अगदी खालच्या पातळीवरच्या अ‍ॅरेमध्ये हद्दीची तपासणीही नसते. 10 जागांच्या अ‍ॅरेमध्ये 11वी जागा मागितली, तर प्रोग्रॅम बंद पडू शकतो किंवा निमूटपणे चुकीचं उत्तर देऊ शकतो.

मग वापरायचं काय?

बहुतेक कामांसाठी 'व्हेक्टर' लायब्ररीचे सुरक्षित अनबॉक्स्ड अ‍ॅरे पुरेसे असतात. 'अनसेफ' फंक्शन वापरायचं, तर आधी वेग मोजून बघावा आणि तो कोड एका छोट्या कोपऱ्यात ठेवावा. कारण तिथे चूक झाली, तर ती पकडायला कंपायलर नसतो.